तेरा वर्षांच्या मुलाचं उदाहरण

आपला पोरगा संघर्ष काही येत नाही, असं पंजाबरावांनी सकाळपासून तीनदा बोलून दाखवलं होतं, आणि तिन्ही वेळा मथुराबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चौथ्या वेळी मात्र कढई खाली उतरवत त्या म्हणाल्या, "तो यावा वाट्टे तुमाले का येऊ नये वाट्टे, ते एकदा ठरवून घ्या. मंग बोला."

पंजाबरावांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली होती आणि दुपारी बाराला गावच्या विहारात त्यांचा सत्कार होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं लोटली होती, पण लोक जमणार होते ते शाळेच्या मास्तरांसाठी नव्हे, रविवारच्या वर्गासाठी. 'मनाचा अभ्यास' असं त्या वर्गाचं नाव. चौतीस वर्षं, दर रविवारी सकाळी, विहाराच्या ओसरीत. पंजाबराव टपालानं मानसशास्त्राची पुस्तकं मागवायचे, ती पेन्सिलीनं खुणा करत वाचायचे, तथागतांच्या शिकवणीशी ताडून पाहायचे आणि दिग्रस-पुसदच्या मधल्या दहा गावांतून, तांड्यांतून येणाऱ्या पोरापोरींना सोप्या शब्दांत सांगायचे. राग का येतो. भीती कुठून येते. आपण जगायचं ते कशासाठी. त्यातली कितीतरी पोरं आज शिक्षक होती, नर्स होती, तलाठी होती.

त्यांची मुलगी साधना यवतमाळला एका कॉलेजात समुपदेशक होती. सत्काराचं सगळं तिनंच जमवलं होतं. मुलगा संघर्ष एसटीत ड्रायव्हर होता आणि पुसदला राहत होता.

साडेदहाला दारात मोटारसायकल थांबली. मथुराबाई पदराला हात पुसत आधी बाहेर गेल्या. संघर्ष आला होता, आणि मागच्या सीटवर त्याची बारा वर्षांची आम्रपाली. त्याची बायको उज्ज्वला आली नव्हती. तिला ड्युटी होती, असं त्यानं न विचारताच सांगितलं.

सव्वीस वर्षांपूर्वी बारावी झाल्यावर संघर्षनं हे घर सोडलं. त्यानंतर लग्नाकार्याला, मयतीला तो आला, पण पाहुण्यासारखा. चहा घेतला की उठायचा. या घरात तो एकदाही मुक्कामाला राहिला नव्हता. त्याची गाडी गावच्या फाट्यावरून जायची. मथुराबाई मंगळवारी आणि शुक्रवारी फाट्यावर जाऊन उभ्या राहत. तो अर्धा मिनिट गाडी थांबवी आणि खिडकीतून भाजीचा डबा घेई. पंजाबरावांना हे ठाऊक होतं. त्यांनी कधी विषय काढला नाही.

"ये बाई, ये," त्यांनी नातीला जवळ बोलावलं. पोरगी धीट होती. त्यांच्या शेजारी खाटेवर बसली आणि भिंतीवरच्या पुस्तकांकडे पाहू लागली.

"हे सगळे तुमी वाचले, आजोबा?"

"वाचले. काही दोनदा." मग पंजाबरावांचा आवाज बदलला. घरात ते सगळ्यांसारखंच वऱ्हाडी बोलायचे, पण मनाविषयी बोलायचं झालं की पुस्तकी मराठीवर यायचे. मुलं लहान असताना त्या आवाजावरूनच ओळखायची, की आता वर्ग सुरू झाला. "सांग बरं आम्रपाली, आज सकाळी उठल्यापासून तुझ्या मनात काय काय आलं? अगदी खरं खरं सांगायचं."

पोरगी हसली. "मले ना, आज असं वाटलं का—"

"आमू," दारातून संघर्ष म्हणाला, "चपला बाहेर काढ."

तिनं चपला कधीच्याच बाहेर काढल्या होत्या. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग उठून आजीकडे स्वयंपाकघरात गेली. बापलेक दोघेच उरले. संघर्ष उंबऱ्याजवळ उभा होता. कानावरचे केस पिकले होते त्याचे. पंजाबरावांना एकाएकी वाटलं, हा आता चव्वेचाळीसचा झाला. माझे आबा गेले त्या साली मी एवढाच होतो.

"तब्येत बरी आहे ना?" संघर्षनं विचारलं.

"बरी आहे."

तेवढंच बोलणं झालं.

थोड्या वेळानं ते शर्ट बदलायला आतल्या खोलीत गेले, तेव्हा ओसरीतलं बोलणं खिडकीतून त्यांच्या कानावर आलं. साधना भावाला समजावत होती.

"दोन मिनिटं बोल फक्त, दादा. सगळे बोलनार आहेत. घरचं कोनीच नाई बोललं त कसं दिसनार?"

"तू बोल ना."

"मी तं बोलतेच. मले जे मिळालं ते त्या बैठकीतूनच मिळालं. आज मी पोरींना जे शिकवते—"

"तुले बोलाचं होतं, तू बोलली," संघर्ष म्हणाला. "तुले ते फळलं. मी नाई म्हनतो का? मले नव्हतं बोलाचं, साधना. मले बसवलं."

"इतके वर्षं झाले. बाबा म्हातारे झाले आता."

"म्हनूनच आलो ना मी. मायनं म्हटलं, म्हनून आलो. आता बोल बोल करू नको."

पंजाबराव बटणं लावायची थांबले. बैठक हा शब्द त्यांनी कित्येक वर्षांत या घरात ऐकला नव्हता.

बैठक म्हणजे दिवेलागणीला घरातल्या सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं आणि दिवसभरात मनात जे आलं ते बोलायचं. चांगलं, वाईट, सगळं. आपल्या मुलांनी आपलं मन ओळखावं, आत काही दडवून ठेवू नये, मोकळं वाढावं, एवढीच पंजाबरावांची इच्छा होती. त्यांच्या स्वतःच्या लहानपणी त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, तुले काय वाट्टे म्हणून. साधना त्या सतरंजीवर फुलली. संघर्षही बोलायचा, अडखळत, मान खाली घालून. तेरा वर्षांचा होईपर्यंत बोलायचा.

*

विहारात खुर्च्या कमी पडल्या. त्रिशरण-पंचशील झालं, हार झाले, शाल झाली. पंजाबराव समोर खुर्चीवर बसले होते. तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला संघर्ष, त्याच्या शेजारी आम्रपाली, आणि पलीकडे मथुराबाई. पुढच्या खुर्चीवर बस म्हणून साधना आईला दोनदा सांगून आली, पण मथुराबाई मुलाजवळून हलल्या नाहीत.

एकेक जण उठून बोलत होता. कुणी दारू सोडली होती, कुणी नापास झाल्यावर पुन्हा उभं राहिलं होतं. पंजाबरावांचे डोळे भरून येत होते. मग खेमसिंग उठला. पलीकडच्या तांड्यावरचा, आता एका शाळेचा मुख्याध्यापक. त्यानं माईक हातात घेतला.

"मी हे आजवर कुठं सांगितलं नाही," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ जन्मापासून खाटेवरच होता. ना बसता यायचं, ना बोलता. माझी याडी, म्हणजे आई, दिवसभर त्याच्यापाशी. मी नववीत होतो. मले वाटायचं, हा गेला तर बरं होईल. याडी माझ्याकडे पाहील तरी. आणि त्या पावसाळ्यात तो गेला. मी कोणाले सांगू शकलो नाही. मले वाटे, मीच मारला त्याले. जेवण जाईना. मी विहिरीकडं जाऊन बसायचो. कशासाठी बसायचो ते तुम्ही समजून घ्या."

विहारात खोकण्याचाही आवाज नव्हता.

"मंग एका रविवारी मित्रानं मले इथं आणलं. आणि त्या दिवशी सरांनी एका तेरा वर्षांच्या मुलाचं उदाहरण दिलं. त्याचा आजोबा आजारी होता, रात्रभर खोकायचा. मुलगा त्याच खोलीत झोपायचा. त्याच्या मनात आलं, आजा लवकर मरून जावा, म्हणजे मले झोप तरी लागेल. आठ दिवसांनी आजा खरंच वारला. सर म्हणाले, विचार येतो आणि जातो, विचारानं कोणी मरत नाही, त्या मुलाचा काही दोष नाही. मी तिथं ढसाढसा रडलो. सर, त्या उदाहरणानं मले वाचवलं. तो मुलगा खरा होता का तुम्ही रचला होता, मले माहीत नाही. पण खरा असेल आणि कधी भेटला, तर मी त्याचे पाय धरीन."

टाळ्या पडल्या. पण सगळ्यांनी वाजवल्या नाहीत. गावातले जुने लोक गप्प होते. पंजाबरावांच्या वडिलांना शेवटी कसला खोकला होता आणि त्या खोलीत कोण झोपायचं, हे त्यांना ठाऊक होतं. दोन-तीन माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या आणि लगेच परत फिरल्या. आम्रपालीनं बापाच्या कानाशी काहीतरी विचारलं. संघर्ष समोरच बघत राहिला.

पंजाबरावांना ती संध्याकाळ आठवली. आबांची राख अजून थंड व्हायची होती. सतरंजीवर बसून संघर्षनं ते सांगितलं होतं, हुंदके देत, बापाचा सदरा मुठीत धरून. त्यांनी त्याला जवळ घेतलं होतं, हे खरं. तुझी चूक नाही म्हणाले होते, हेही खरं. पण त्याच वेळी, पोरगं छातीशी असतानाच, त्यांच्या डोक्यात आलं होतं की हे किती चांगलं उदाहरण आहे. आणि लगेच पुढच्या रविवारी त्यांनी ते दिलं. नाव घेतलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे झालं, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

दोन दिवसांत ते आत्याच्या कानावर गेलं. आत्या नदीवर बायांसमोर पोराला म्हणाली, "माह्या बापाच्या मरनाची वाट पाहून राह्यला होता का रे तू?" शाळेत पोरं खोकून दाखवायची. हे सगळं पंजाबरावांना मथुराबाईंनी सांगितलं होतं. त्यावर त्यांनी बायकोला, अपमान सहन करायला शिकणं हाही मनाचा अभ्यासच आहे, असं काहीसं सांगितलं होतं. त्या दिवसापासून संघर्ष बैठकीत बोलला नाही. पाच वर्षं. ते त्याला बसवायचे आणि तो बसायचा. त्याच्या गप्प राहण्याला त्यांनी अहंकार असं नाव दिलं, आणि त्यावरही एक रविवार घेतला.

"बाबा," साधना त्यांच्या कानाशी वाकली होती. तिचा चेहरा उतरला होता. "मले आत्याचं माहीत नव्हतं. मायनं आत्ता सांगतलं. तुमी आता बोला. सगळ्यांसमोर झालं होतं, सगळ्यांसमोरच बोला. तो पन इथंच आहे."

तिनं त्यांच्या हातात माईक दिला.

पंजाबराव उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांना एका क्षणात सुचलं. 'आज मी तुम्हाला एका बापाचं उदाहरण देणार आहे.' चांगलं वाक्य होतं. त्याच्यामागून दुसरं आलं, तिसरं आलं, सगळी ओळीनं उभी राहिली. समोर पाचपंचवीस मोबाइल वर झाले. खेमसिंग भरल्या डोळ्यांनी बघत होता. लोक रडतील, पंजाबरावांना कळलं. हा आजवरचा सगळ्यात चांगला वर्ग होईल.

आणि तिसऱ्या रांगेत संघर्षनं हळूच आम्रपालीचा हात धरला होता आणि दाराकडे बघितलं होतं. पोराला मार बसणार हे कळतं तेव्हा ते जसं अंग आवळून घेतं, तसा तो चव्वेचाळीस वर्षांचा माणूस बसला होता.

पंजाबरावांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"तुम्ही सगळे आले, बरं वाटलं," ते म्हणाले. "जेवण तयार आहे. कोणी उपाशी जाऊ नका."

आणि खाली बसले.

लोक चुळबुळले. एवढंच? मग कुणीतरी टाळी वाजवली, खुर्च्या सरकल्या.

"बाबा, हीच वेळ होती!" साधना म्हणाली.

"कोनाची?" पंजाबरावांनी विचारलं.

ती वाढायला निघून गेली.

*

विहाराच्या मागं पाण्याची टाकी होती. पंजाबराव तिकडे वळले तेव्हा तिथं संघर्ष आणि खेमसिंग समोरासमोर उभे होते. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी खेमसिंगला सांगितलं असावं. तो खरंच पायाशी वाकत होता आणि संघर्ष त्याला दंडाला धरून वर उचलत होता.

"मले माफ करा, भाऊ. मले माहीत नव्हतं का तुमीच ते. मी माईकवर—"

"राहू द्या," संघर्ष म्हणाला. आणि मग थोडं थांबून, "नाव काय होतं तुमच्या भावाचं?"

खेमसिंगचा चेहरा एकदम मऊ झाला. "बबलू. आमी बबलूच म्हनत होतो."

"किती वर्षांचा होता?"

"नऊ. मी बाजरीची भाकर दुधात कुस्करून चारायचो त्याले. माझ्या हातानं लय खाय. याडीपेक्षा माझ्या हातानं जास्त खाय."

"मंग तुमी त्याचं केलं ना," संघर्ष म्हणाला. "तेही ध्यानात ठेवा."

पंजाबराव टाकीच्या आडोशाला उभे होते. खेमसिंग तीस वर्षं त्यांच्याकडे येत होता. सण, सत्कार, बदली, बढती, प्रत्येक वेळी पेढे घेऊन. त्याला एक भाऊ होता, हे त्यांना आज कळलं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्याकडे सांगायला इतकं होतं.

खेमसिंग गेला. संघर्षनं तोंडावर पाणी मारलं आणि वळला, तर समोर बाप.

"मी चुकलो, बाबू," पंजाबराव म्हणाले. बाबू ही हाक पोरगा लहान असतानाची होती; ती त्यांच्या तोंडून कशी आली त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मग नेहमीचा आवाज आपसूक वर आला. "माणूस जेव्हा एखाद्या विचाराच्या आहारी जातो, तेव्हा त्याला जवळची—"

"मानसाचं नका सांगू, बाबा," संघर्ष म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मानसाचं मी लय ऐकलं. तुमचं काही असन त सांगा. नाईतर जाऊ द्या, मले निंगाचं आहे."

चौतीस वर्षं पंजाबराव मनाविषयी बोलत होते, आणि बैठकीत स्वतः एकदाही बोलले नव्हते. ते फक्त विचारायचे. आता शब्द शोधताना त्यांचा हात टाकीच्या ओल्या कडेवरून फिरत राहिला.

"तू गेला त्या दिवशी," शेवटी ते म्हणाले, "मी दिग्रसच्या स्टँडवर आलतो."

संघर्षनं मान वर केली.

"तुह्या मायले सांगतलं का शाळेत काम आहे. आन स्टँडवर आलतो. रसाच्या दुकानामागं उभा होतो. तू गाडीत बसला होता. मले तुले थांबवाचं होतं, का नुसतं डोक्यावर हात ठेवाचा होता, का काय… पोटात कसंतरीच होऊन राह्यलं होतं. आन मी तठी उभा राहून विचार करत बसलो, का याले काय म्हनतात. हा राग आहे का भीती, का मोह आहे. म्हटलं, नाव सापडलं का जातो पुढं. नाव सापडलं नाई आन गाडी निंगून गेली."

विहाराच्या पुढच्या बाजूनं पत्रावळी उचलल्याचा, पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता. संघर्ष जमिनीकडे बघत होता.

"मी पाह्यलं होतं तुमाले," तो म्हणाला.

"पाह्यलं होतं?"

"खिडकीतच होतो मी. दिसले तुमी. मले वाटलं, रविवारसाठी पाहून राह्यले."

रडू येईल असं पंजाबरावांना वाटलं, पण आलं नाही. काही बोलावं असंही वाटलं नाही. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांच्यापाशी एकही वाक्य तयार नव्हतं. ते नुसते उभे राहिले आणि पोराच्या तोंडाकडे बघत राहिले.

मग संघर्ष बोलायला लागला. टाकीला पाठ टेकून, अडखळत, मान खाली घालून, लहानपणी बोलायचा तसाच. फार नाही बोलला. पाचसात मिनिटं असेल. पंजाबरावांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, कशाला काही नाव दिलं नाही. बोलून झाल्यावर त्यानं रुमालानं तोंड पुसलं.

"आजचा दिवस राहतं का?" पंजाबरावांनी विचारलं. "तुह्या मायले बरं वाटन."

"नाई. सकाळी पाचची गाडी आहे माही."

"मंग कधी येशीन?"

"पाहू," तो म्हणाला. पुढं काही नक्की बोलला नाही. त्यानं आम्रपालीला हाक मारली, आईच्या पाया पडला, साधनाच्या पाठीवर थाप मारली. मोटारसायकल फाट्याच्या दिशेनं गेली. पोरगी वळून वळून हात हलवत होती. तो वळला नाही.

मथुराबाई विहाराच्या पायरीवर बसून होत्या. पंजाबराव हळूहळू येऊन त्यांच्या शेजारी बसले. शाल त्यांनी मांडीवर घेतली होती.

"टाकीपाशी लय वेळ बोलत होता तुमच्याशी," त्या म्हणाल्या. "काय म्हने पोरगा?"

पंजाबरावांनी सवयीनं श्वास घेतला, सांगायला. मग तो सोडून दिला.

"ते त्याचं आहे," ते म्हणाले. "त्याच्यापाशी राहू दे."

मथुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"हे तीस वर्षं आधी सुचाले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या.

"होय," पंजाबराव म्हणाले.